गरम पाण्याच्या काठावर

३ जानेवारी, शुक्रवार

मालकांनी आज ही वही दिली. पुढच्या पानांवर पाण्याच्या नोंदी करायच्या: कुठल्या घराचा टब, किती अंश, क्लोरीन किती, पाणी कधी बदललं. मागची पानं कोरीच राहणार, म्हणून मी उलट्या बाजूनं माझं लिहायला घेतलंय. शाळेत निबंधात विषय सोडून भरकटतो म्हणून बाई वहीभर लाल रेघा मारायच्या. इथे कोण मारणार आहे!

तर. डोंगरावर पाच लाकडी घरं आहेत, सुट्टीला येणाऱ्या लोकांना भाड्यानं देतात. प्रत्येक घराच्या मागच्या ओट्यावर गरम पाण्याचा टब, म्हणजे सहा माणसं मावतील एवढा लाकडी हौदच, आणि कोपऱ्यात सॉना. सॉना म्हणजे तापलेले दगड ठेवलेली लाकडी खोली, कपाटापेक्षा थोडी मोठी. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि माणसं उघड्यावर गळ्यापर्यंत पाण्यात बसून ‘आहाहा’ करतात. ते ‘आहाहा’ सांभाळायचं काम माझं. येऊन अडीच महिने झाले. माझ्या हिशेबानं हा विक्रम आहे. ट्रकवर क्लीनर होतो, छापखान्यात होतो, सर्कशीचा तंबू ठोकायला होतो (तिथला उंट माझ्यावरच थुंकायचा, फक्त माझ्यावर, त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन), पण कुठेच दोन महिन्यांपुढे पाय ठरला नाही.

मालक आयुष्यभर पोहायला शिकवत होते. अजून गळ्यात शिट्टी असते. मला हाक मारायची झाली तरी वाजवतात.

५ जानेवारी, रविवार

आज फजिती. कुणीही पाहुणा पाण्यात उतरायच्या आधी मी पाच प्रश्न विचारायचे असा इथला नियम आहे. हृदयाचं किंवा रक्तदाबाचं औषध चालू आहे का? गेल्या काही तासांत दारू घेतली आहे का? ताप किंवा उघडी जखम आहे का? गरोदर आहात का? बरोबर लहान मुलं आहेत का? उत्तरं कागदावर लिहायची, मगच झाकण उघडायचं. आणि कुणालाही कुठलाही प्रश्न गाळायचा नाही.

तर आज तीन नंबरमध्ये मिशाळ आजोबा. मी चौथा प्रश्न विचारला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मिशाच आधी उभ्या राहिल्या. आजीबाई मागून म्हणाल्या, “विचार, विचार. पोट बघितलंस ना त्यांचं? मला तर सातवा वाटतो.” सगळं घर हसून हसून लोळलं. मी लालबुंद.

मालकांना सांगितलं, पुरुषांना तरी हा प्रश्न नको.

“हसू देत,” ते म्हणाले. “आज मिशा बघून गाळशील, उद्या पांढरे केस बघून गाळशील. पाणी कुणाला ओळखत नाही. म्हणून आपण विचारायचं. आणि विचारून गप्प उभं राहायचं, उत्तर येईपर्यंत. अर्धे लोक पहिल्यांदा खोटंच सांगतात.”

९ जानेवारी, गुरुवार

मालक सकाळी टबाचं झाकण माझ्याबरोबर उचलता उचलता म्हणाले, “वरचं घर चौदा ते वीस रिकामं आहे. येणारी मंडळी रद्द झाली. टब काही बंद ठेवता येत नाही, पाइप गोठतात. तू राहा तिथे. बायकोला बोलाव.” मग माझ्याकडे नीट बघून, “लग्न झालंय ना तुझं? वाटत नाही तसं.”

“का?”

“लग्न झालेला माणूस दिवसातून एकदा तरी घड्याळाकडे बघतो.”

झालंय. चार वर्षं झाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीत बसवते, एका डोळ्यावर झाकण ठेवते आणि भिंगं बदलत विचारते, मघाचं बरं दिसत होतं की हे? आता? आणि आता? दिवसभर तेच. मला ‘भोवरा’ म्हणते. पूर्वी लाडानं म्हणायची. हल्ली नुसतंच म्हणते.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहून टाकतो. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात आमचं मूल पोटातच गेलं. मी तेव्हा सफरचंदाच्या बागेत होतो. फोन पाण्यात पडला होता, नवा घेतो घेतो म्हणत राहून गेलं. तिच्या भावानं ट्रकवाल्यांबरोबर निरोप धाडला. तो मला मिळून मी घरी पोचेपर्यंत अकरा दिवस झाले. तेव्हापासून ती भावाकडे राहते आणि मी असेन तिथे असतो. भांडण असं झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

ऑक्टोबरात जाऊन आलो होतो. मेहुणा बायकापोरांना घेऊन बाहेरगावी गेलेला, घरात आम्ही दोघंच. सोन्यासारखे आठ दिवस. नवव्या दिवशी कुणीतरी ह्या डोंगरावरच्या कामाचं सांगितलं आणि मी आलो. तिनं स्टँडवर सोडायला यायचं नाकारलं, दुकानात गर्दी होती म्हणे.

फोन केला. तिनं आधी एका गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं. मग म्हणाली, “मी तुला फोन करणारच होते. एकदा भेटायला हवंय.”

एकदा भेटायला हवंय! म्हणजे आठवण येतेय. मी चार नंबरचं पाणी दोनदा बदललं, आनंदाच्या भरात.

१४ जानेवारी, मंगळवार

आली. दुपारच्या बसनं. एकच लहान पिशवी आणि अंगात भावाचा ढगळ स्वेटर. जरा भरली आहे अंगानं. वहिनीच्या हातचं मानवलेलं दिसतंय. वरच्या घराची चढण चढताना तीनदा थांबली. मी म्हटलं, “म्हातारी झालीस की गं!” तर म्हणाली, “झाले असेन.”

घर बघून खूश झाली. मी सगळं फिरवून दाखवलं: लोखंडी शेगडी, दोन आरामखुर्च्या, खिडकीतून दिसणारी दरी, सॉनाचे दगड, टबाखालचा तापवणारा पंप. पंपाबद्दल जरा जास्तच बोललो बहुधा. मग पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग कसा बघायचा ते करून दाखवलं. पट्टी बाहेर काढून पंधरा आकडे मोजायचे, हलायचं नाही, मग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. ती माझ्याकडेच बघत होती, पट्टीकडे नाही.

“इतकं लक्ष देऊन तुला काही करताना मी पहिल्यांदा बघतेय,” म्हणाली.

मला फार बरं वाटलं.

मी कागदबिगद काही काढला नाही. घरच्या माणसाला कसले प्रश्न! आज आपण पाहुणे नाही, मालक आहोत, असं म्हणत मी झाकण उघडलं. वाफेचा ढगच वर आला. मी उडी टाकली. ती काठावर बसली, सलवार गुडघ्यापर्यंत वर करून, नुसते पाय पाण्यात सोडून.

“आत ये की.”

“इथूनच बरं वाटतंय.”

लाजत असेल. सवय मोडली आहे.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी अंडी केली तर तिनं नाक दाबलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. इतक्या उंचीवर होतं असं, पाहुण्यांनाही होतं. मी तिचीही अंडी खाल्ली आणि खालच्या चार घरांचं पाणी बघायला गेलो. तासाभराचं काम.

परत आलो तेव्हा सफाईच्या मावशी आल्या होत्या. मावशी म्हणजे जिभेला हाड नाही, पण माणूस लाखाचा. दोघी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून बोलत होत्या. मी आत गेलो तशा गप्प.

“काय कुजबुज चाललीये माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल कुजबुजायला काय आहे? तुझं सगळं गावाला ऐकू येतं,” मावशी म्हणाल्या. जाताना त्यांनी तिच्या हातात खाऱ्या बिस्किटांचा पुडा ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला. मला अडीच महिन्यांत एक बिस्कीट दिलेलं नाही.

दुपारी पुन्हा टब. पुन्हा नुसते पाय. एवढं चाळीस अंशांचं पाणी, एवढी वाफ, समोर पांढरीशुभ्र दरी, आणि बाईसाहेब काठावर. मी पाय धरून ओढायची गंमत केली तर एकदम ओरडली, “नको!” इतक्या जोरात की झाडावरचे पक्षी उडाले. मग तीच म्हणाली, “घाबरले रे.” मी म्हटलं, “पाण्याला?” त्यावर तिनं माझ्या ओल्या केसांतून हात फिरवला. काय सांगू, पाण्यापेक्षा तो हात गरम होता.

१६ जानेवारी, गुरुवार

सॉनातही यायला नाही म्हणाली. दाराबाहेरच्या बाकावर घोंगडं पांघरून, दाराला पाठ लावून बसली. मी आत, ती बाहेर, मध्ये लाकडी दार. गप्पा मारू म्हणाली. मी दगडांवर पाणी टाकत होतो, आणि पाणी टाकलं की दगड असे फुसफुसतात की कानात दुसरं काही शिरत नाही. ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी मधून मधून ‘हं, हं’ करत होतो. दगड गप्प झाल्यावर विचारलं, “काय म्हणालीस?”

“काही नाही. तू हो म्हणालास.”

“कशाला?”

“असू दे.”

मग मी बाहेर आलो, बर्फात लोळलो, ओरडलो. ती हसली. घोंगड्यात मला घेतलं. म्हणाली, “भोवऱ्या, तू येणाऱ्या लोकांना पाच प्रश्न विचारतोस ना? मावशी सांगत होत्या. मला म्हणून दाखव.”

मी उभा राहिलो, टॉवेल खांद्यावर टाकला, गळ्यात शिट्टी असल्यासारखी छाती काढली आणि मालकांच्या आवाजात धडाधड म्हणून दाखवले. हृदयाचं औषध? दारू? ताप, जखम? गरोदर? लहान मुलं? एका दमात, पाढे म्हटल्यासारखे. मिशाळ आजोबांची नक्कलपण केली. मला वाटलं लोटपोट हसेल. ती हसली, किंवा खोकली, वाफेत कळलं नाही.

“आणि उत्तराला थांबत नाहीस?” म्हणाली.

“पाहुण्यांसाठी थांबतो.”

“अच्छा.”

मग आत जाऊन झोपली. दुपारभर झोपली. इथली हवा तिला मानवतेय.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज माझी चूक झाली, कबूल करतो. सकाळी ती म्हणाली, “आज कुठे जाऊ नकोस. मला तुझ्याशी बसून बोलायचंय.” म्हटलं, एक फेरी खाली मारून येतो, चार पट्ट्या बुडवल्या की झालं, पाऊण तास. आणि खरंच पाऊण तासात काम उरकलंही होतं. पण वळणावर रस्त्याचं बर्फ उडवणारं यंत्र आलं होतं. जन्मात बघितलं नव्हतं! पुढून बर्फ गिळतं आणि बाजूच्या नळकांड्यातून कमान करून दरीत फेकतं. चालक एकटाच होता, बोलायला माणूस शोधतच होता. आधी समुद्रावर दीपगृहात होता म्हणाला. मला वर बसवलं, दांडा हातात दिला. दीपगृहातल्या दिव्याचं भिंग माणसाएवढं असतं, हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटलं, हे तिला सांगायला हवं, भिंगांचं तिला आवडेल. म्हणून आणखी नीट विचारून घेतलं.

परत आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती आरामखुर्चीत, स्वेटरमध्ये हात घालून, पोटाशी घेऊन बसली होती. समोर दोन कप. दोन्हीतला चहा गार.

मी भिंगाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“हं, तर काय बोलायचं होतं?”

“राहिलं ते.”

“बोल की आता.”

“सकाळी हिंमत होती,” म्हणाली.

मला वाटतं तिला परत संसार एकत्र मांडायचं विचारायचं असणार, आणि संकोच वाटत असणार. मीच विचारीन. उद्या विचारतो, पाण्यात.

१८ जानेवारी, शनिवार

आज पाण्यात उतरली! स्वतःहून म्हणाली, “गार करशील? अंगाइतकं. तेवढं चालतं.” कुणाला चालतं, कशाला चालतं, मी काही विचारत बसलो नाही. ती उतरतेय म्हणजे झालंच! पंप बंद केला, थंड पाणी सोडलं, दर पाच मिनिटांनी बघत बसलो. छत्तीस अंशांवर आणायला दोन तास लागले. माझे दात वाजत होते, पण सांगितलं नाही.

स्वेटर घालूनच बाहेर आली. अगदी काठावर काढला आणि पटकन पाण्यात शिरली, हनुवटीपर्यंत. दहा मिनिटं बसली. तिनं पाण्याखाली माझा हात शोधला, धरला, आणि आपल्या पोटाजवळ नेला. मग तिथेच थांबली आणि सोडून दिला.

तिचे डोळे लाल झाले होते आणि पाणी येत होतं. मी लगेच बाहेर येऊन पट्टी बुडवली. पंधरा आकडे मोजले. क्लोरीन बरोबर होतं. पुन्हा एकदा बुडवली, तरी बरोबर. तिला दाखवलीसुद्धा. म्हटलं, “बघ, पाण्यात काही दोष नाही.”

“नाहीच,” म्हणाली.

माझा विचारायचा प्रश्न ह्या गडबडीत राहिला. दोन दिवस आहेत अजून.

१९ जानेवारी, रविवार

फेरी मारून आलो तर घर रिकामं. पिशवी नाही. टेबलावर चिठ्ठी. ‘जाते. पाणी छान होतं. झाकण लावलंय.’

मी धावत स्टँडवर गेलो. सकाळची बस गेली होती. वर आलो तर मावशी चादरी काढत होत्या. मी म्हटलं, बघा मावशी, न सांगता गेली, एवढं काय केलं मी? पाणी गार केलं, शेगडी पेटती ठेवली, डोळ्यांत तेल घालून तिच्या मागे होतो.

मावशी चादर हातात धरून उभ्या राहिल्या. “तू तिला काय बोललास?”

“काही नाही! विचारा कुणालाही. काहीच बोललो नाही.”

“बाळाबद्दल काहीच बोलला नाहीस?”

“कुठल्या बाळाबद्दल?”

त्या पलंगावर बसल्याच. मला म्हणाल्या, “अरे पोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तू खाली गेलास आणि तिला उलट्या सुरू झाल्या. मीच डोकं धरलं. चौथा लागलाय तिला. मला वाटलं तुला माहीत आहे. पाणी गार करत बसलास तेव्हा तर मी मालकांना म्हटलं, बघा, पोरगा सुधारला.”

मी काय बोललो आठवत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “जगातल्या बायकांना विचारतोस, पुरुषांनाही विचारतोस. तिला विचारलं नाहीस?”

२० जानेवारी, सोमवार

मालकांकडे रजा मागायला गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, घरची म्हणून प्रश्न गाळले.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, “घरची म्हणून.” आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “जा. पाण्याचं मी बघतो.”

ही आधीची पानं वाचून काढली. सगळं लिहिलेलं आहे. स्वेटर, अंडी, बिस्किटं, ‘नको’ म्हणून ओरडणं, पोटाजवळ नेलेला हात. माझ्याच अक्षरात. लाल रेघ मारायला एक ओळ सापडत नाही, सगळ्याच ओळींवर मारावी लागेल.

२२ जानेवारी, बुधवार

बुधवारी तिचं दुकान बंद असतं, म्हणून आज गेलो. मेहुण्याचं घर त्याच्या मोटार शिकवायच्या शाळेच्या वर आहे. खाली ‘शिकाऊ’ पाट्या लावलेल्या दोन गाड्या. मेहुण्यानं दार उघडलं आणि उघडून तिथेच उभा राहिला, दारभर.

“दादा, तिला भेटायचंय.”

“आरशात बघ,” तो म्हणाला. त्याला रागातही शिकवल्यासारखंच बोलता येतं. “मागे बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, हे मी अठरा वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. तुला कोणी सांगितलं नाही?”

“दादा, येऊ द्या त्याला. नाही, थांबा, मीच येते,” तिचा आवाज आतून.

ती जिन्यात आली. दार मागे ओढून घेतलं. आज स्वेटर नव्हता. साध्या कुडत्यात दिसत होतं, थोडंसंच, पण दिसत होतं. मी बघितलं आणि मला रडू आलं. ती वरच्या पायरीवर बसली, मी चार पायऱ्या खाली.

“मावशींनी सांगितलं?”

“हो.”

“मला वाटलंच त्या सांगतील.”

“तू का नाही सांगितलंस? एका शब्दानं?”

“सॉनाच्या दाराआडून सांगितलं. तू ‘हं’ म्हणालास.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “मग ठरवलं, आता सांगायचं नाही. हा दिवसभर परक्या माणसांना विचारत असतो. आपल्याकडे एकदा बघून विचारेल. विचारलं तर सगळं मागचं सोडून देऊ, आणि परत एक घर करू. तसं ठरवूनच मी तुझ्याकडून प्रश्न म्हणून घेतले. तरी दुसऱ्या दिवशी राहवेना, चहा करून सांगायला बसले, तर तू दुपारी दोनला आलास.”

“म्हणजे मी विचारलं होतं! चौथा प्रश्न!”

“म्हणून दाखवला होतास.”

खाली कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं. तीनदा बंद पडली.

मी म्हटलं, “आता विचारतो. आत्ता विचारतो. तू...”

“आता तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी कुठे जाणार नाही, इथेच राहीन, खालच्या गल्लीत खोली घेतो, गाड्या धुतो, काहीही करतो. ती ऐकत होती. दुकानात म्हाताऱ्यांचं ऐकते तशी, मध्ये न तोडता.

“मागच्या वेळी अकरा दिवस मी दाराकडे बघत होते,” ती म्हणाली. “डॉक्टर काय म्हणत होते तेसुद्धा नीट ऐकलं नाही, दार वाजलं तर कळायला हवं म्हणून. ह्या वेळी मला दाराकडे बघायचंच नाहीये. तू गल्लीत राहिलास तर मी रोज खिडकीतून बघणार, आहे की गेला. मला ते जमणार नाही. पोटात बाळ घेऊन तर नाहीच. तू वाईट नाहीस रे. पण तू जा.”

“कुठे जाऊ?”

“ते तुला आजवर कुणाला विचारावं लागलं नाही.”

उठताना तिनं कठड्याला धरलं. मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही, पण झिडकारलाही नाही, नुसती कठडा धरून उठली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मी पुन्हा ठोठावलं असतं.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून तीन बस सोडल्या. आयुष्यात कधी बस सोडली नव्हती. कुठलीही आली की खिडकी मिळतेय का एवढंच बघायचो.

मग एकदाच म्हणून तिच्या दुकानासमोर गेलो. आत जाणार नव्हतो. काचेबाहेर, चष्मे मांडलेल्या फळीच्या शेजारी उभा राहिलो. ती आत होती. एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं होतं, त्याच्या एका डोळ्यावर झाकण, आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांची पाटी. ती भिंगं बदलत होती. ओठांवरून कळत होतं. मघाचं बरं की हे? प्रत्येक वेळी विचारून थांबत होती. म्हातारा वेळ लावत होता. ती तेवढा वेळ थांबत होती. मध्येच दुकानातल्या दुसऱ्या बाईंनी मागून एक स्टूल आणून तिच्यामागे सरकवलं, न बोलता, आणि ती न बघता त्यावर बसली. रोजचं असावं.

तिनं मला बघितलं नाही. किंवा बघितलं असेल. मला आता माझ्या बघण्याचा भरवसा नाही.

दुकानाचे मालक दारात आले, पांढऱ्या कोटातले, भले गृहस्थ. “काही हवंय का? नंबर तपासायचाय?”

“नाही.”

“मग जरा बाजूला होता का? पाटीवर तुमची सावली पडतेय. त्यांना खालची ओळ दिसत नाहीये.”

मी बाजूला झालो. पुढच्या दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथून आतलं थोडंसंच दिसत होतं. म्हाताऱ्यानं बोट वर करून एकेक अक्षर वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ती हसली. खोकली नाही, हसली. एवढ्या लांबूनही कळलं.